ढिल्या कमानीचं गाणं

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच चहा ओततो. नाही, असं तोंडावर रुमाल धरून नाही. सरळ कबूल करा! कारण जो घोळ मी घातला, तो दुसऱ्या कोणी घातला असता तर लोकांनी चार दिवसांत विसरून टाकला असता. पण तो मी घातला. आणि मी म्हणजे त्या काळी काचीगुड्यातला लयीचा एकमेव जाणकार होतो.

कोणी म्हणायचं असं? मीच म्हणायचो. दुसरं कोण म्हणणार?

कचेरीत टेबलावर ठेका धरायचा, जेवताना पाटावर धरायचा, न्हाव्यापुढे बसलो की मांडीवर धरायचा. दोनदा कानाची पाळी जाता जाता वाचली. आणि हात चालू असताना तोंडानं सिद्धांत चालूच! "शब्दांत काय ठेवलंय हो? शब्द म्हणजे साल. गाण्याचा गर म्हणजे लय! लय सावकाश करा, माणूस रडतो. लय पळवा, तोच माणूस नाचतो. शब्द कोणतेही घाला, काही फरक पडत नाही!"

हा सिद्धांत शंभर टक्के खरा निघाला. तेच तर माझं दुर्दैव. ऐका.

राज्याची वाटणी झाली त्या दिवसांतली गोष्ट. निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्राला, आमचा मराठवाडा मुंबई राज्याला आणि कानडी जिल्हे म्हैसूरला. नकाशावर रेघ ओढायला काय लागतं? पण कचेऱ्यांचं काय करायचं? कपाटं वाटली, मिसली म्हणजे फायली वाटल्या, आणि मिसलींमागे बसलेली माणसंही वाटायला काढली. ज्याची भाषा मराठी त्यानं बिस्तरा बांधून औरंगाबादेकडे निघायचं, असा एकंदर रंग होता. कोणाला हैदराबादेतच राहायचं असेल तर त्यानं अर्ज करायचा, साहेबानं त्यावर शिफारस लिहायची, आणि पुढचं वर ठरायचं.

मी अर्ज केला होता. मला हैदराबाद सोडायचंच नव्हतं!

मूळ आम्ही परभणीकडचे. पण वडील इथे नोकरीला आले, मी इथे जन्मलो, उर्दूत शिकलो. काचीगुड्यात तीन खोल्यांचं भाड्याचं घर, अंगणात कढीलिंबाचं झाड आणि दाराशी नळ. नळाला पाणी यायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आमच्या हिनं तर निकालच दिला होता. "मी या घरातून हलायची नाही. तिकडे आपल्याला कुत्रं ओळखत नाही. अर्ज नीट लिहा, आणि कचेरीत जरा तोंड सांभाळा."

तोंड मी सांभाळलं हो! घात केला तो फोनोनं.

हा फोनो मी बेगम बाजारातून आणला होता. एका मसाल्याच्या दुकानात हिंगाच्या पोत्यांमागे धूळ खात पडला होता. किल्ली दिली की आधी हिंगाचा वास यायचा आणि मग गाणं. सोबत तीन तबकड्या मिळाल्या. एक पोलिस बँडची, एक सनईची आणि तिसरी तेलुगू गाण्याची. तिसरीवरचा कागद उंदरानं कुरतडलेला, त्यामुळे गाणं कोणाचं, कुठलं, काही कळायला मार्ग नव्हता.

तिन्ही तबकड्या ऐकून मी अक्षरशः भारावलो! काय ती संथ लय! पोलिस बँड असा चालायचा की सगळ्या शिपायांचे पाय सुजलेत. सनई लागली की लग्नघरात कोणीतरी आजारी आहे असं वाटायचं. ही म्हणाली, "अहो, शेजारच्यांच्या रेडिओवर सनई किती छान उड्या मारत वाजते. आपलीच अशी का कण्हते?"

"त्यांची उथळ आहे," मी म्हणालो. "आपली भारदस्त आहे."

पण खरा हिरा होता तो तिसरा. तेलुगू गाणं! धीरगंभीर पुरुषी आवाज, एकेक अक्षर काळीज चिरत बाहेर पडायचं. मागे ढोलक, तीही अशी, की ठोका पडला की पुढचा पडेल की नाही याची काळजी लागावी. "बं… डी… व… च्चिं… दी… बा… वा…" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे पाणावले. तेलुगू मला भाजी घेण्यापुरतं येत होतं. पण लय कळली की गाणं कळलं, नाही का?

तरी खात्री केलीच मी. उगाच नाही बोलत. माझा दोस्त वेंकटय्या बेगम बाजारात राहायचा. तिथेच मिरचीचा व्यापार, घरी तेलुगू, आमच्याशी बोलायला दखनी. तबकडीवरून शब्द उतरवून घेतले आणि कागद त्याच्यापुढे धरला. "वेंकटय्या, याचा अर्थ सांग."

त्यानं मिरचीची पोती मोजत मोजत सांगितलं. "गाडी आ गई दाजी, जाके आओ. हंडी में भात खतम हुआ. अचार की बरणी खाली हुई. खाट की रस्सी टूटी. गाडी आ गई दाजी, जाके आओ. बस्, इत्ताच है."

माझ्या अंगावर काटा आला! दारात गाडी उभी आहे. घरातलं माणूस निघालंय. हंडीत भात नाही, म्हणजे काय गरिबी! लोणच्याची बरणी रिकामी, म्हणजे लोणचं घालणारी आई गेली असणार. बाजेची दोरी तुटली, म्हणजे घराचा आधारच तुटला! मी हे सगळं वेंकटय्याला समजावून सांगितलं. त्यानं मोजणं थांबवलं.

"ये दुख का गाना है?"

"अरे, लय ऐकलीस का त्याची?"

"नहीं."

"मग!"

"तुमी बोलते तो हौ," असं म्हणून तो पुन्हा पोती मोजायला लागला. तो तेव्हा आणखी एक वाक्य बोलला असता तर आज मी वेगळा माणूस असतो.

पहिली तुकडी औरंगाबादेला निघाली तेव्हा कचेरीत निरोप समारंभ झाला. जाणाऱ्यांत आमच्या पाठकचे मामा होते. पाठक म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, ठेक्यांचा सगळ्यात मोठा मारही त्यालाच. कोणीतरी म्हणालं, गाणं म्हणा. मी डोळे मिटले आणि म्हटलं ते! फोनोपेक्षाही जरा सावकाशच म्हटलं, कारण भाव ओतायचा होता.

काय सांगू! सगळी कचेरी रडली. मामा रडले, पाठक रडला, चहावाला कपबशा खाली ठेवून रडला. गंमत म्हणजे मी ते इतकं लांबवत होतो, वर माझे उच्चार परभणीचे, की तेलुगू मंडळींना वाटलं गाणं मराठी आहे आणि मराठी मंडळींना वाटलं तेलुगू आहे. रडायला मात्र कोणाचीच हरकत नव्हती.

झालं! बोलावणी सुरू. मोसमच होता तो. आज शाळाखात्याचे मास्तर निघाले, या. उद्या कोर्टाचे नाझर निघाले, या. मी जायचो, डोळे मिटायचो, लोकांना रडवायचो, भजी खाऊन यायचो. एकदा तर एकाची बदली रद्द झाली, तरी लोक म्हणाले, आता जमलोच आहोत तर गाणं होऊन जाऊ द्या. तो बिचारा न जाताच रडला.

मग आला तो दिवस. आमचे देशमुखसाहेब निघाले आणि त्यांच्या जागी कर्नूलहून सुब्बारावसाहेब आले. दोघांचा समारंभ एकत्रच करायचं ठरलं, यांना निरोप आणि त्यांचं स्वागत. देशमुखसाहेबांनी मला बोलावून घेतलं. माणूस देव होता. म्हणाले, "नरहर, तुझ्या अर्जावर मी चांगलं लिहून ठेवलंय. पण आता पुढे पाठवणार ते सुब्बाराव. त्यांच्या नजरेत भर. आणि हो, माझ्या वेळी ते गाणं पाहिजे बरं का."

म्हणजे बघा, एका दगडात दोन पक्षी! गाणं म्हणायचं, जुन्याला रडवायचं, नव्याला त्याच्या भाषेत खूश करायचं, आणि हैदराबादेत राहायचं. पण घसा? इतक्या लोकांना निरोप देऊन देऊन घसा असा बसला होता की घरात पाणी मागायचं तर तांब्या वाजवावा लागायचा.

मग ठरवलं, तबकडीच लावायची. मूळ गाणं, मूळ आवाज! फक्त फोनो मध्येच धापा टाकायचा, म्हणून तो बेगम बाजाराजवळच्या एका उस्तादाकडे दुरुस्तीला दिला. समारंभाच्या दिवशी दुपारी आणायला गेलो.

उस्ताद पानाची पिंक टाकून म्हणाला, "अरे मियाँ, इसकी कमान, अंदर की स्प्रिंग, मरेली थी. कमर टूटी तो आदमी कैसा चलता? वैसाच चल रा था ये. नवी डाल दिया. अब देखो कैसा भागता!"

"भागता?" मी म्हणालो. पण त्यानं किल्ली दिली आणि पोलिस बँडची तबकडी लावली. शिपाई असे ताडताड निघाले की मला वाटलं, सूज उतरली. छान! बँडनं भागायलाच पाहिजे.

घरी कपडे बदलायला आलो तर ही म्हणाली, "एकदा आपलं गाणं लावून तर बघा. दुरुस्त झाल्यावर ऐकलं नाहीये."

"फोनो दुरुस्त केला म्हणून गाणं बदलतं का?" मी म्हणालो आणि निघालो.

हे वाक्य हिनं पुढे आयुष्यभर जपून ठेवलं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ती ते मला ऐकवते.

हॉल भरलेला. व्यासपीठावर हार घातलेले देशमुखसाहेब, रुमाल आधीच हातात. शेजारी सुब्बारावसाहेब, इस्त्रीचे कपडे, कपाळावर बारीक गंध, चेहऱ्यावर नव्या माणसाचं जपून हसू. पहिल्या रांगेत त्यांची बायको, चार मुलं, म्हातारी आई. आणि त्यांच्या शेजारी कोण? आमचा वेंकटय्या आणि त्याची बायको! मी म्हटलं, हा इथे कसा? तर पाठक कानाशी लागला. "अरे, वेंकटय्याची बहीण म्हणजे या साहेबांची बायको. कर्नूलहून सगळे आले, पण शहरात घर कुठे मिळतंय? मेव्हण्याकडेच उतरलेत. दोन महिने झाले."

"वा!" मी म्हणालो. "म्हणजे घरचेच निघाले!"

मला अजून कळलं नव्हतं. तुम्हाला कळलं ना? तुम्ही हसायला लागलात. मला नव्हतं कळलं हो!

मी फोनो टेबलावर ठेवला, किल्ली दिली, आणि बसलेल्या घशानं चार शब्दही बोललो. "मंडळी, हे गाणं म्हणजे निरोपाचा अर्क आहे. शब्द समजले नाहीत तरी चालेल, लय ऐका. लय खोटं बोलत नाही. आणि आमचे नवे साहेब, जे पाहुणे म्हणून आपल्या शहरात आले आहेत, त्यांनाही हे गाणं मी मनापासून अर्पण करतो."

टाळ्या! देशमुखसाहेबांनी रुमाल डोळ्यांजवळ नेला. मी सुई टेकवली.

ढमाढम ढमाढम ढमाढम!

ढोलक अशी उसळली की पहिली रांग दचकली. मागे झांजा. आणि मग, अहो, बाईचा आवाज! बारीक, खणखणीत, नाकात नथ घालून ठसक्यात गाणाऱ्या बाईचा आवाज! "बंडी वच्चिंदी बावा! पोयिरा पोयिरा पोयिरा बावा!"

मी टेबलाला धरून उभा राहिलो. माझा पुरुष कुठे गेला? तो धीरगंभीर, आई मेलेला माणूस? ही बाई कोण? पण तबकडी तीच होती, उंदरानं कुरतडलेला कागद गरगर फिरताना मला दिसत होता. शब्दही तेच! गाडी आली दाजी, निघा. हंडीतला भात संपला दाजी, निघा. लोणच्याची बरणी चाटून पुसून झाली, बाजेची दोरी तुमच्या वजनानं तुटली, आता तरी निघा, निघा, निघा! एक अक्षर बदललेलं नव्हतं. आणि ते गाणं चिवट पाहुण्याला हुसकावून लावायचं होतं.

तेलुगू मंडळींना पहिल्यांदाच शब्द कळत होते. मागच्या रांगांतून खसखस सुरू झाली. वेंकटय्याची बायको पदर तोंडात कोंबून हलत होती. म्हातारी ताठ बसली. साहेबांची चारही मुलं टाळ्या पिटत "पोयिरा पोयिरा" म्हणायला लागली. आणि सुब्बारावसाहेबांनी हळूच मान वळवून वेंकटय्याकडे पाहिलं.

वेंकटय्यानं दोन्ही हात जोडले. "नेनु कादु, बावा!" म्हणजे, मी नव्हे हो दाजी! आणि एवढं म्हणून त्यालाच हसू फुटलं. दोन महिन्यांचं साठलेलं हसू होतं ते, थांबेना.

इकडे देशमुखसाहेबांचा रुमाल अर्ध्यावरच थांबला होता. "नरहर," ते म्हणाले, "हेच का ते?"

"हेच साहेब, हेच!" मी म्हणालो आणि काय केलं असेल? तबकडीवर बोट दाबलं. लय खाली आणायची म्हणून! आणि आली हो! बाईचा आवाज घरंगळत खाली गेला आणि माझा पुरुष परत आला. "पो… यि… रा… बा… वा…" हॉल गप्प. मागे कोणीतरी जुन्या सवयीनं नाक ओढलं. मी म्हटलं, जिंकलो!

पण तबकडी बोटाला चटके देते. बोट उचललं की ढमाढम, बाई परत! बोट दाबलं की पुरुष. उचललं, लोक हसले. दाबलं, लोक गंभीर. उचललं, हसले. माझ्या एका बोटावर अख्खा हॉल हसत रडत होता, आणि त्या परिस्थितीतही माझ्या मनात काय आलं असेल? की बघा, मी म्हणत होतो ना, सगळं लयीतच आहे!

सुई का नाही उचलली? अहो, तुम्हाला हे आत्ता चहा पिताना सुचतंय. तिथे उभे राहिला असता तर तुम्हीही बोटच दाबलं असतं.

शेवटी पाठकनं येऊन सुई उचलली. आणि भर हॉलमध्ये तो मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे आमच्या मामांना तू हे म्हणून लावून दिलंस?"

मग एकेकाचे चेहरे बदलायला लागले. कोणाचा भाऊ, कोणाचे सासरे, कोणाचा जिवाभावाचा मित्र. शाळाखात्याचे मास्तर, कोर्टाचे नाझर. अर्ध्या मराठवाड्याला मी डोळे मिटून, भाव ओतून सांगितलं होतं की तुम्ही आमचं लोणचं संपवलंत, आता निघा! आणि त्यावर भजी खाल्ली होती! पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती माझ्या पायाखालून आधीच औरंगाबादेकडे निघाली होती.

देशमुखसाहेब जाताना माझ्याशी एवढंच बोलले, "प्रकृतीला जप."

दुसऱ्या दिवशी सुब्बारावसाहेबांनी आत बोलावलं. ते इंग्रजीत बोलत होते, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काय साहेब?"

"आमच्या घरातलं. लोणच्याची बरणी संपली, हे वेंकटय्या बोलला का?"

"नाही साहेब! ते तबकडीतच होतं."

"आणि बाजेची दोरी?"

"तीही तबकडीतच होती साहेब, आईशप्पथ!"

साहेबांनी पेपरवेट फिरवला. मग एकदम खांदे पाडून म्हणाले, "बाज माझ्या मुलांनी मोडली. परवाच." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी दया आली! नवा गाव, नवी कचेरी, आणि रात्रंदिवस मेव्हण्याचं अन्न. मग त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला.

"हैदराबादेतच राहायचं आहे?"

"हो साहेब."

"का?"

माझ्या मनानं उचल खाल्ली. म्हटलं, माणूस चांगला आहे, राग धरलेला नाही. आता या शहरात मी किती रुजलोय ते पटवून द्यायचं! "साहेब, माझं घर आहे काचीगुड्यात."

"किती खोल्या?"

"तीन साहेब! हवेशीर. पूर्वेला दार."

"पाणी?"

"दाराशी नळ! दोन्ही वेळ धो धो! अंगणात कढीलिंबाचं झाड. मालक देवमाणूस, भाडं बेताचं. स्टेशन पाच मिनिटांवर. मुलांची शाळा तर इतकी जवळ की घंटा घरात ऐकू येते."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"नाहीत साहेब. पण असती तर!"

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. अगदी कढीलिंबसुद्धा! मी तरंगतच घरी आलो. हिला सांगितलं, "काम फत्ते! साहेबानं घराची एवढी चौकशी केली, म्हणजे घराशी आपलं नातं किती घट्ट आहे ते त्याला पटलं."

हिच्या हातातलं लाटणं थांबलं. "तुम्ही पाण्याचंही सांगितलंत?"

"सांगितलं की! दोन्ही वेळ धो धो!"

 पोळपाट बाजूला सारून ती आतल्या खोलीत गेली आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

पंधरा दिवसांत यादी आली. माझं नाव औरंगाबादेत. साहेबांनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही, यादी वरून आली होती. पण यादी आली त्याच दिवशी आमच्या घरमालकाकडे एक गृहस्थ खोल्या बघायला येऊन गेले. इस्त्रीचे कपडे, कपाळावर बारीक गंध.  ज्या घरासाठी अर्ज केला होता, ते घर मी स्वतःच्या तोंडानं, नळासकट, देऊन बसलो होतो.

निघायचा दिवस आला. दाराशी टांगा उभा. ट्रंका, वळकट्या, पितळी डबे चढवले. ही आतून रिकामं भांडं घेऊन आली, सकाळचा भात संपला होता. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली होती. बाज न्यायची नव्हती म्हणून तिची दोरी सोडून वळकट्या बांधल्या होत्या. हे सगळं तुम्हाला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? मलाही त्याच वेळी वाटलं, आणि मी हादरलो.

कचेरीतली सगळी मंडळी आली होती. कोणाच्याही डोळ्यांत टिपूस नव्हता. पाठक तर दाढी करून, नवा शर्ट घालून आला होता.

आणि वेंकटय्या! त्याच्याइतका आनंदी माणूस त्या दिवशी हैदराबादेत नसेल. संध्याकाळी त्याचे दाजी आपल्या बिऱ्हाडासह माझ्या घरात राहायला येणार होते. हिनं फोनोला संसारात जागा द्यायचं साफ नाकारलं होतं, म्हणून मी तो वेंकटय्याला भेट दिला होता. त्यानं तो माझ्याच ओट्यावर आणून ठेवला.

"मियाँ," तो म्हणाला, "तुमी सबकू गाना सुनाके भेजे. तुमना कोई नक्को क्या?"

ढमाढम ढमाढम! बंडी वच्चिंदी बावा! सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. पाठक नाचत होता हो! मी टांग्यात मागच्या बाजूला बसलो, तोंड घराकडे. पण घोडा हलेना. टांगेवाल्यानं चुचकारलं, लगाम हलवला, घोडा आपला जमीन हुंगत उभा.

तेवढ्यात वेंकटय्या हसण्याच्या नादात किल्ली द्यायचं विसरला आणि कमान उतरायला लागली. बाई हळूहळू खाली आली, खाली आली, आणि माझा जुना पुरुष गायला लागला. "बं… डी… व… च्चिं… दी… बा… वा…" अगदी तेच हो! टाळ्या विरल्या. पाठक नाचता नाचता थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. कढीलिंबाचं झाड, दाराशी ठिबकणारा नळ, आणि ते गाणं. इतक्या लोकांना रडवलं मी, त्या दिवशी मी रडलो. ही पण रडली. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, उडी मारावी आणि घरात जाऊन दार लावून घ्यावं. टांगा अजून उभाच होता, खाली उतरायला एक पाऊल पुरे होतं. मी एक पाय खाली सोडलासुद्धा!

आणि वेंकटय्याला किल्लीची आठवण झाली. गरागरा दिली त्यानं, दोन महिन्यांच्या लोणच्याची शपथ घालून दिली!

पोयिरा पोयिरा पोयिरा बावा!

घोड्यानं कान टवकारले, मान वर केली आणि ढोलकीच्या बरोबर समेवर पाय उचलून असा दुडक्या चालीनं सुटला की मी वळकटीवर उताणा पडलो. स्टेशन येईपर्यंत त्यानं ठेका सोडला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला काचीगुड्यातला लयीचा एकमेव जाणकार समजत होतो. तसा एक जाणकार होता खरा, पण तो टांग्याला पुढे जुंपलेला होता. मी मागे होतो, ट्रंका धरून.